सारखेपणाची अट

दोन वस्तू ‘सारख्या’ आहेत असे म्हणताना माणूस नेमके काय म्हणत असतो, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे, आणि न्याय, मीमांसा व वेदान्त या तिन्ही दर्शनांनी त्यावर पिढ्यानुपिढ्या वाद घातला आहे. त्याच प्रश्नाशी आज ज्यांना रोजच्या कामात झगडावे लागते, त्यांत संगणकाच्या भाषांचे संशोधक अग्रभागी आहेत. कारण त्यांच्याकडे ‘सारखे’ या शब्दाचा अर्थ थोडा जरी सैल राहिला, तरी तो सैलपणा चुकीच्या उत्तराच्या रूपाने यंत्रातून बाहेर पडतो. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात प्रोग्रामिंग भाषा आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी यांवर काम करणारा एक गट आहे, जो इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पीएलएसई’ या नावाने ओळखला जातो. या गटाची गेल्या दशकभरातली कामे वरवर पाहता एकमेकांपासून दूरची वाटतात : अपूर्णांकांच्या आकडेमोडीतील चुका हुडकणे, कंपायलरसाठी नवी साधने उभारणे, सुतारकामाच्या आणि विणकामाच्या यंत्रांसाठी भाषांचा पाया घालणे. परंतु या साऱ्यांच्या मुळाशी एकच विचारणा आहे, ती म्हणजे वेगळ्या दिसणाऱ्या दोन गोष्टींना एक मानण्याचा अधिकार कोणत्या अटीवर मिळतो. ही अट तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम. तो केवळ भाषांतर करून थांबत नाही. लिहिलेले काम कमी श्रमात होईल असा बदलही करत जातो. एखाद्या संख्येला दोनाने गुणायचे असेल, तर गुणाकाराऐवजी त्या संख्येचे द्विमान अंक एक घर डावीकडे सरकवले तरी उत्तर तेच येते आणि यंत्राला ते सोपे जाते, म्हणून कंपायलर गुणाकार काढून तेथे सरकवणे ठेवतो. असा प्रत्येक बदल हा एक दावा असतो, की जुने आणि नवे एकच आहेत. पारंपरिक पद्धतीत हा दावा मान्य झाला की जुने रूप पुसले जाते, आणि अडचण नेमकी येथे सुरू होते. प्रोग्राममध्ये (अ × २) ÷ २ असे लिहिलेले असेल, तर चाणाक्ष वाचक दोनाने गुणून दोनाने भागणे व्यर्थ आहे हे ओळखून तेथे नुसता ‘अ’ ठेवील. परंतु कंपायलरने त्याआधीच गुणाकाराच्या जागी सरकवणे आणून ठेवले असेल, तर ‘गुणाकार आणि भागाकार एकमेकांना खातात’ हा नियम लावायला समोर गुणाकारच उरत नाही. एक बरोबर बदल दुसऱ्या, अधिक चांगल्या बदलाचा रस्ता बंद करतो, आणि कोणता बदल आधी करावा हे आधीच कळण्याची सोय नसते.

या अडचणीवरचा उपाय ‘ई-ग्राफ’ नावाच्या रचनेत आहे. ही कल्पना ग्रेग नेल्सन यांच्या १९८० च्या सुमाराच्या, प्रोग्राम बरोबर असल्याचे सिद्ध करण्याच्या तंत्रांवरील कामातून आली. २००९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील रॉस टेट, मायकेल स्टेप, झॅकरी टॅटलॉक आणि सोरिन लर्नर यांनी तिचा उपयोग कंपायलरच्या सुधारणांसाठी करून दाखवला. टॅटलॉक पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात आले, आणि तेथे मॅक्स विल्सी, चंद्रकना नंदी व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी ‘एग’ नावाचे साधन तयार केले, ज्यावरील २०२१ चा शोधनिबंध या क्षेत्रातील अग्रगण्य परिषदेत विशेष गौरवला गेला. ई-ग्राफमध्ये काहीही पुसले जात नाही. ‘अ × २’ आणि ‘अ एक घर डावीकडे सरकवलेला’ ही दोन्ही रूपे एका वर्गात, म्हणजे समान ठरलेल्यांच्या एका घरात, शेजारी शेजारी ठेवली जातात, आणि पुढचा प्रत्येक नियम त्या घरातील कोणत्याही रूपाला लागू शकतो. दोन रूपे समान ठरली की त्यांच्यावर उभी असलेली मोठी रूपेही आपोआप समान ठरतात. दोन नावे एकाच माणसाची आहेत असे कळल्यावर त्या नावांनी केलेले सर्व व्यवहार एकाच खात्यात यावेत, तसे हे घडते. नियम लावून लावून नवे काहीच निघेनासे झाले, की त्या अवस्थेला संपृक्तता म्हणतात, आणि मग शेवटी, खर्चाचा हिशेब मांडून, प्रत्येक घरातून एकेक रूप निवडले जाते. वेबअसेम्ब्लीचे प्रोग्राम चालवणाऱ्या ‘वासमटाइम’मधील क्रेनलिफ्ट या कंपायलरने या कल्पनेची एक आटोपशीर आवृत्ती प्रत्यक्ष वापरात आणली आहे, त्यामुळे ही केवळ प्रयोगशाळेतली गोष्ट राहिलेली नाही.

या रचनेचे तात्त्विक महत्त्व असे, की तिच्यात समान असणे आणि एकरूप असणे यांची गल्लत होत नाही. गॉटलोब फ्रेगे या जर्मन तर्कज्ञाने १८९२ साली दाखवून दिले होते, की सायंकाळी पश्चिमेला दिसणारी चांदणी आणि पहाटे पूर्वेला दिसणारी चांदणी हे एकाच शुक्राचे निर्देश असले, तरी त्या दोन निर्देशांचा आशय वेगळा आहे, आणि म्हणूनच ‘या दोन्ही एकच आहेत’ हे वाक्य माणसाच्या ज्ञानात भर घालते, तर ‘शुक्र हा शुक्रच आहे’ हे वाक्य काहीच भर घालत नाही. ई-ग्राफमधले घर हे निर्दिष्ट वस्तूच्या जागी आहे आणि घरातली रूपे आशयांच्या जागी आहेत. जुना कंपायलर निर्दिष्ट वस्तू हाती लागताच आशय फेकून देत असे. नव्या रचनेत आशय टिकतात, कारण उद्या कोणता आशय उपयोगी पडेल हे आज ठरवता येत नाही. बरोबरीचे चिन्ह पहिल्यांदा छापणाऱ्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली त्यासाठी दोन समांतर रेषा निवडल्या, कारण त्यांच्या मते त्यांहून अधिक समान अशा दोन वस्तू असू शकत नव्हत्या. परंतु त्या रेषा लांबीने समान असल्या तरी दोन होत्या, एक वर होती आणि एक खाली, आणि हा दोनपणा नसता तर ते चिन्ह वाचताच आले नसते.

नैयायिकांची सादृश्याची व्याख्या याच दिशेने जाते. त्यांच्या मते एखाद्या वस्तूशी सादृश्य असणे म्हणजे त्या वस्तूहून भिन्न असूनही तिचे बहुतेक धर्म अंगी असणे. म्हणजेच भेद हा सादृश्याचा शत्रू नसून त्याच्या व्याख्येतला पहिला घटक आहे. प्राभाकर मीमांसकांनी सादृश्य हा एक स्वतंत्र पदार्थच मानला, नैयायिकांनी तसे मानण्याची गरज नाकारली, आणि हा वाद बराच लांबला. मात्र प्रस्तुत विषयाला त्याहून अधिक उपयोगी पडते ती नव्यन्यायाची ‘अवच्छेदक’ ही संकल्पना. मिथिलेच्या गंगेशाने तत्त्वचिंतामणी या ग्रंथाने ज्या परंपरेचा पाया घातला आणि नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने जी टोकदार केली, त्या परंपरेत कोणताही संबंध सांगताना तो कोणत्या धर्माने मर्यादित झाला आहे हे सांगणे बंधनकारक ठरले, आणि त्या मर्यादा घालणाऱ्या धर्माला अवच्छेदक म्हणतात. ‘जमिनीवर घट नाही’ या वाक्यात घटाचा अभाव घटत्वाने मर्यादित आहे, तर ‘जमिनीवर निळा घट नाही’ या वाक्यातला अभाव घटत्व आणि निळेपण या दोहोंनी मर्यादित आहे. म्हणून दुसरे वाक्य खरे असतानाही तेथे लाल घट असू शकतो. ही परिभाषा मराठी अभ्यासकाला परकी नाही. भीमाचार्य झळकीकरांच्या न्यायकोशाची पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९२८ साली काढलेली आवृत्ती आजही या शब्दांसाठी हाताशी घेतली जाते.

अवच्छेदकाचा अर्थ सराफाच्या पेढीवर सहज कळतो. पाच तोळ्यांच्या पाटल्या आणि पाच तोळ्यांचे तोडे मोड म्हणून तराजूवर आले, तर दोन्हींचा कस एकच असताना सराफाच्या लेखी ते समान असतात. कारण त्याच्या व्यवहारात वजन आणि शुद्धता हे दोनच धर्म मोजले जातात, घडणावळ त्यात धरली जात नाही. ज्या बाईने ते दागिने लग्नापासून अंगावर वागवले, तिच्या लेखी ते कधीही समान नव्हते. येथे सराफ खोटे बोलत नाही आणि ती बाईही भ्रमात नाही. सारखेपणा वजन-शुद्धतेने मर्यादित आहे, हे बोलून दाखवले की वाद मिटतो. न बोलता गृहीत धरले, तर दोघांपैकी एकावर अन्याय होतो.

संगणकात हे न बोललेले गृहीत वारंवार महागात पडते. (अ × २) ÷ २ म्हणजे अ, हे गणिताच्या अनंत संख्यांविषयी निर्विवाद आहे. परंतु ज्या यंत्रात संख्येसाठी ३२ द्विमान घरे आहेत, तेथे ३,००,००,००,००० या संख्येची दुप्पट मावत नाही. वरचे टोक गळून १,७०,५०,३२,७०४ उरतात, आणि त्यांना दोनाने भागले की ८५,२५,१६,३५२ मिळतात, म्हणजे मूळ संख्येच्या एक तृतीयांशाहूनही कमी. नियम खोटा नव्हता. तो ‘अनंत पूर्णांकांविषयी’ या अवच्छेदकाने खरा होता आणि तो अवच्छेदक मागे सोडून यंत्रात आणला गेला.

अपूर्णांकांच्या बाबतीत प्रकरण अधिक सूक्ष्म होते. शाळेतल्या बीजगणिताप्रमाणे √(क्ष + १) − √क्ष ही राशी आणि १ ÷ (√(क्ष + १) + √क्ष) ही राशी समान आहेत; वर-खाली एकाच पदाने गुणले की एकीतून दुसरी मिळते. आता क्ष म्हणजे एकावर सोळा शून्ये असे धरावे. संगणकाची नेहमीची अपूर्णांक-पद्धती साधारण पंधरा-सोळा सार्थ अंक सांभाळते, त्यामुळे एवढ्या मोठ्या संख्येत एक मिळवला तरी ती हलत नाही, दोन्ही वर्गमुळे तंतोतंत तीच येतात, आणि पहिली राशी शून्य देते. दुसरी राशी सुमारे पाच अब्जांश देते, आणि हेच खरे उत्तर आहे. कागदावर समान असलेल्या दोन राशींपैकी एक यंत्रात सत्य सांगते आणि दुसरी सर्वस्वी असत्य. वॉशिंग्टन विद्यापीठातील पावेल पंचेखा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली सादर केलेले ‘हर्बी’ हे साधन अशा राशी तपासते : ते अनेक नमुना-संख्या घेऊन, फार मोठ्या अचूकतेच्या गणिताशी तुलना करून, चूक कोठे उपजते ते शोधते, आणि बीजगणिताने समान असलेल्या रूपांमधून यंत्रात अचूक ठरणारे रूप सुचवते. त्यातली सर्वांत विचारप्रवर्तक गोष्ट ही, की हर्बी अनेकदा एक सूत्र देतच नाही. क्ष या मर्यादेच्या अलीकडे असेल तर हे रूप आणि पलीकडे असेल तर ते रूप, अशी वाटणी करून देते. गणितात जे एकसंध सत्य होते, त्याला यंत्राच्या व्यवहारात प्रदेशाप्रदेशाने वेगळी रूपे धारण करावी लागतात, आणि तरीही ते सत्य एकच असते.

असा भेद दुर्लक्षिल्याची किंमत माणसांनी मोजली आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दाहरान येथे पेट्रियट क्षेपणास्त्ररोधी यंत्रणेला येणारे क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि अमेरिकेचे २८ सैनिक मारले गेले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दशांशांत मोजत होते, आणि एक दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत कधीच संपत नसल्याने २४ घरांत त्याचे शेपूट तोडून ठेवलेले होते. ते छाटलेले रूप आणि खरा एक दशांश समान मानले गेले. साधारण १०० तास यंत्रणा अखंड चालल्यावर हा फरक साचून सुमारे ०.३४ सेकंद झाला, आणि तेवढ्या वेळात येणारे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापत होते. प्रत्येक वेळचा फरक सेकंदाच्या कोट्यंशांत मोजण्याइतका क्षुल्लक होता. ‘जवळजवळ सारखे’ या शब्दांत किती दिवस धरायचे, किती तास धरायचे, हे कोणीतरी सांगून ठेवायला हवे होते.

नियमात लपलेल्या अटीसाठी न्यायशास्त्रात ‘उपाधी’ हा शब्द आहे. जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती, म्हणजे साहचर्याचा नियम, निरपवाद आहे. परंतु जेथे अग्नी तेथे धूर ही व्याप्ती तशी नाही, कारण धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते, आणि ओलेपणा ही त्या व्याप्तीतली न सांगितलेली उपाधी आहे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. ‘कोणत्याही संख्येला तिनेच भागले की एक’ हा नियम अगदी असाच आहे. त्याची उपाधी ही, की ती संख्या शून्य नसावी. ई-ग्राफमध्ये हा नियम उपाधी न सांगता घातला, तर जे घडते ते मनावर ठसण्यासारखे आहे. शून्य भागिले शून्य हे एका नियमाने एक ठरते. शून्याला कशानेही भागले तरी शून्य, या दुसऱ्या तितक्याच निष्काळजी नियमाने ते शून्यही ठरते. दोन्ही एकाच घरात आल्याने शून्य आणि एक समान होतात. मग कोणतीही संख्या म्हणजे ती गुणिले एक, म्हणजे ती गुणिले शून्य, म्हणजे शून्य. काही क्षणांत सारी घरे कोसळून एकच घर उरते, ज्यात जगातली प्रत्येक राशी प्रत्येक राशीच्या बरोबर असते, आणि खर्चाच्या हिशेबाने निवड करणारे यंत्र समाधानाने सर्वांत स्वस्त रूप, म्हणजे शून्य, उत्तर म्हणून देते.

म्हणूनच नियम कोठून येतात हा प्रश्न पीएलएसई गटाला टाळता आला नाही. २०२१ साली त्यांनी ‘रूलर’ नावाचे साधन मांडले, जे लहान लहान राशी पद्धतशीरपणे तयार करते, त्यांत नमुना-संख्या घालून पाहते, ज्यांची उत्तरे सर्व नमुन्यांत जुळतात त्यांच्या जोड्यांना संभाव्य नियम मानते, आणि मग प्रत्येक संभाव्य नियम वेगळ्या पडताळणीतून नेऊन तेथे टिकेल तोच ठेवते. सहचार पाहून व्याप्ती सुचणे आणि व्यभिचाराची, म्हणजे नियम मोडणाऱ्या उदाहरणाची, शंका फेडल्यावरच ती स्वीकारणे, हा अनुमानाचा क्रम नैयायिकांनी याच पायऱ्यांनी सांगितला आहे.

येथे वेदान्ताच्या वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. सर्व भेद मावळून एकच उरणे, हे तर अद्वैताचे अंतिम प्रतिपादन. मग ई-ग्राफच्या कोसळण्याला दोष का म्हणावे? उत्तर शंकराचार्यांच्याच मांडणीत आहे. त्यांनी पारमार्थिक आणि व्यावहारिक अशा सत्तेच्या पातळ्या वेगळ्या ठेवल्या, आणि परमार्थात भेदाचा बाध होत असला तरी व्यवहारात अग्नी जाळतो आणि पाणी भिजवते हे कधीही नाकारले नाही. कोसळलेला ई-ग्राफ व्यवहाराच्याच पातळीवर भेद गमावतो. ते ऐक्य ज्ञानातून आलेले नसते, उपाधी विसरल्याने आलेले असते. समदर्शनाविषयीही परंपरेने हीच काळजी घेतली. गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्या ठायी ज्ञानी समदृष्टीने पाहतो असे सांगितले आहे, आणि भाष्यकारांनी त्यावर समदर्शन म्हणजे समवर्तन नव्हे, हत्तीला आणि कुत्र्याला एकच चारा घालणे नव्हे, असा खुलासा केला. हा खुलासा पुढे माणसामाणसांतील उच्चनीचता टिकवण्यासाठीही वापरला गेला, ही त्याची काळी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही; दोन माणसांच्या बाबतीत कोणता भेद खरा आणि कोणता लादलेला, हे न तपासता ‘वर्तनात भेद असायचाच’ असे म्हणणे हाही एक उपाधी लपवलेला नियमच आहे. विनोबांनी गीतेच्या शिकवणीला साम्ययोग म्हटले, तेव्हा साम्य हा शब्द त्यांनी आचरणापर्यंत नेला, आणि या संदर्भात त्यांची बाजू अधिक सबळ वाटते.

ज्ञानेश्वरांचा अमृतानुभव या दृष्टीने विशेष जवळचा आहे. त्यातली शिवशक्ती दोन असून एक आहेत आणि एक असून दोन आहेत, आणि ज्ञानेश्वर जगाला अज्ञानाचे कार्य म्हणून पुसून टाकत नाहीत. अज्ञानाचेच सविस्तर खंडन करून जग हा चैतन्याचा विलास आहे असे ते मांडतात. रूपे टिकवून ऐक्य सांगण्याची ही रीत आणि रूपे न पुसता समानता नोंदवणारी ही रचना यांच्यात विचाराचे एक नाते दिसते. ते नाते त्यापलीकडे ओढण्यात मात्र अर्थ नाही. १९८५ साली रिक ब्रिग्ज यांचा संस्कृतातील ज्ञानमांडणीवरचा एक लेख अमेरिकेतील एका संगणकविषयक नियतकालिकात आला, आणि तेव्हापासून ‘संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा’ असे विधान त्या लेखाच्या आशयाच्या कितीतरी पुढे जाऊन फिरत राहिले. त्या विधानाने नव्यन्यायाचा सन्मान वाढला नाही. उलट, अवच्छेदक न सांगता केलेले सारखेपणाचे विधान म्हणजे काय, याचे ते उदाहरण ठरले.

सारखेपणा न दिसणे म्हणजे भेद दिसणे नव्हे, हा मुद्दाही या कामातून ठळक होतो. हेन्री राइस यांनी १९५३ साली सिद्ध केले, की प्रोग्रामच्या वर्तनाविषयीचा कोणताही अर्थपूर्ण प्रश्न सर्व प्रोग्रामसाठी सोडवू शकेल अशी एकच यांत्रिक रीत असू शकत नाही. दोन प्रोग्राम समान आहेत का, हा प्रश्नही त्यातच मोडतो. त्यामुळे ई-ग्राफमध्ये दोन राशी वेगवेगळ्या घरांत राहिल्या, तर त्यावरून त्या भिन्न आहेत असे म्हणता येत नाही. त्यांना जोडणारा रस्ता अजून सापडलेला नाही, एवढेच म्हणता येते. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले, परंतु त्यात ‘योग्य’ हा शब्द घातला : जी वस्तू असती तर नक्की दिसली असती, तिचेच न दिसणे हे प्रमाण. उजेडात जमिनीवर घट न दिसला, तर घट नाही असे कळते. अंधारात न दिसला, तर काहीच कळत नाही. ई-ग्राफ संपृक्त झाला असेल, तर दिलेल्या नियमांपुरता तेथे उजेड असतो आणि वेगळ्या घरांचा अर्थ ‘या नियमांनी समान नाहीत’ असा निश्चित होतो. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या उदाहरणांत वेळ किंवा स्मृती संपल्याने शोध मध्येच थांबवावा लागतो, आणि तेव्हा न जुळलेल्या दोन राशींविषयी मौन पाळणे हीच प्रामाणिकता असते.

मग समानता अंतिमतः ठरवणार कोण? जेम्स मॉरिस यांनी १९६८ साली एमआयटीतील आपल्या प्रबंधात दिलेले उत्तर आजही या क्षेत्राचा आधार आहे : प्रोग्रामचे दोन तुकडे समान तेव्हाच म्हणावेत, जेव्हा ते कोणत्याही मोठ्या प्रोग्राममध्ये एकाच्या जागी दुसरा असे ठेवले तरी बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. ज्यांचे सर्व धर्म एकच त्या वस्तू एकच, या लाइबनित्सच्या तत्त्वाला येथे परीक्षकाच्या रूपाने देह मिळतो. परंतु त्यामुळे सारा भार परीक्षकावर येतो, कारण तो काय पाहू शकतो यावर समानता अवलंबून राहते. पासवर्ड तपासणारा एक प्रोग्राम अक्षरामागून अक्षर जुळवतो आणि पहिल्याच चुकीच्या अक्षराशी थांबून ‘नाही’ म्हणतो. दुसरा शेवटपर्यंत सारी अक्षरे तपासून मग ‘नाही’ म्हणतो. उत्तरापुरते दोन्ही समान आहेत. ज्याच्या हातात घड्याळ आहे, त्याला मात्र पहिला प्रोग्राम किती अक्षरे बरोबर होती हे सांगून जातो, आणि वेळेवरून गुपित काढण्याची ही वाट पॉल कोचर यांनी १९९६ सालीच दाखवली होती. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘स्पेक्टर’ या त्रुटीत हीच गोष्ट प्रक्रियकाच्या रचनेपर्यंत पोहोचली. वेग वाढवण्यासाठी प्रक्रियक पुढे काय लागेल याचा अंदाज करून काम आधीच करून ठेवतो, आणि अंदाज चुकला तर केलेले काम पुसतो. करून पुसलेले काम हे न केलेल्या कामासारखेच, असे गृहीत त्यामागे होते. ते काम करताना जवळच्या स्मृतीत आलेली माहिती मात्र तशीच राहत असे, आणि घड्याळ लावून बसलेल्या परीक्षकाला ती वाचता येत असे. कर्म करून मागे घेतले तरी त्याचा संस्कार उरतो, हे भारतीय विचाराला नवे नाही. नवे हे, की रचनाकारांनी समानता ठरवताना ज्याला परीक्षक मानले होते, त्याच्याकडे घड्याळ नव्हते.

विणकामाच्या यंत्रांवरील काम याच प्रश्नाला हाताने चाचपता येईल असे रूप देते. कार्नेगी मेलन, एमआयटी आणि वॉशिंग्टन विद्यापीठ येथील संशोधकांनी २०२३ साली विणकाम-यंत्राच्या सूचनांना गणिती अर्थ देणारा एक निबंध प्रसिद्ध केला. या यंत्रात सुयांच्या दोन रांगा समोरासमोर असतात. सुई धाग्याचा फास धरून ठेवते, त्यातून नवा फास ओढते, किंवा धरलेला फास समोरच्या सुईवर सोपवते. एकच कापड वेगवेगळ्या क्रमांनी विणता येते, त्यातला एखादा क्रम लवकर होतो, एखाद्यात धागा तुटण्याचा धोका अधिक असतो, आणि कंपायलरला क्रम बदलण्याची मुभा तेव्हाच देता येते, जेव्हा दोन्ही क्रमांतून तेच कापड निघते हे सिद्ध होते. पण ‘तेच कापड’ म्हणजे कोणते? संशोधकांनी येथे गाठींच्या गणिताकडे धाव घेतली, ज्यात धागा न तोडता, केवळ ओढून-वळवून एक गुंता दुसऱ्यात बदलता आला तर ते दोन्ही एकच मानले जातात. त्यात त्यांनी कुंपणे घालून, धागा मोकळेपणी सुटू नये अशी तरतूद केली. या व्याख्येत धागा कशावरून गेला आणि कशाखालून गेला हे मोजले जाते. फास किती सैल, धागा किती लांब, कापड बोटांना कसे लागते, हे मोजले जात नाही. हातात सुया घेऊन विणणाऱ्या कोणालाही ठाऊक असते, की समोरून सुलट दिसणारा टाका कापड उलटून पाहिले की उलट दिसतो, आणि तरीही तो एकच टाका असतो; त्याला दोन नावे आहेत, कारण विणणारीला पुढच्या ओळीत सुई कोणत्या बाजूने घालायची हे त्या नावावरून कळते.